बोलका तोच सुपरवायझर? माणसं निवडताना या चुका टाळा

ऑक्टोबर जवळ आला की गोव्यात कळंगुटपासून कोलव्यापर्यंतच्या हॉटेलांत सुपरवायझर नेमायची घाई सुरू होते. रिसेप्शनवरचा जो मुलगा पाहुण्यांशी हसतखेळत बोलतो आणि मीटिंगमध्ये पहिला तोंड उघडतो, त्याच्याकडे चार्ज जातो. नाताळ तोंडावर येतो तेव्हा ड्युटी चार्ट लागलेला नसतो आणि एकाच दिवशी तिघांना रजा दिलेली असते. मग मालक म्हणतो, "पोरगा चढून गेला." पोरगा होता तसाच आहे. नेमताना पाहिलेला गुण भलताच होता.

व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात पाच गुण मोजायची पद्धत रूढ आहे: बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, नव्याची ओढ, मिळूनमिसळून वागण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये या गुणांचा नेतृत्वाशी संबंध शोधणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले. नेता म्हणून कोण नजरेत भरतो, हा एक. आणि नेमल्यावर काम कोण निभावतो, हा दुसरा. बहिर्मुखतेचा पहिल्याशी संबंध 0.33 निघाला, दुसऱ्याशी 0.24 (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). मिळूनमिसळून वागण्याचा मात्र पहिल्याशी जेमतेम 0.05 आणि दुसऱ्याशी 0.21. म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई बढतीच्या वेळी कुणाला आठवत नाही; चार्ज दिला तर मात्र ती बोलक्या माणसाच्या जवळपास पोचते. हे आकडे फार मोठे नाहीत, हेही ध्यानात ठेवा. नुसत्या स्वभावावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही.

शिवाय हाताखाली कोण आहे, यावरही बरंच ठरतं. अॅडम ग्रँट, फ्रान्चेस्का जीनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्मचारी सांगेल तेवढंच करणारे असतील तिथे बहिर्मुख मॅनेजर जास्त नफा काढत होते. कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवणारे असतील तिथे तोच गुण नफ्याच्या आड येत होता. हाउसकीपिंगमध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या बायका असतील तर त्यांच्यावर सतत बोलणारा साहेब बसवू नका. ऐकून घेणारा द्या. सीझनपुरत्या नव्या भरतीला मात्र तो बोलका साहेब उपयोगी पडेल.

दुसरी चूक ऑनलाइन चाचणीची. मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय) चाचणीतून माणसाच्या स्वभावाचा चार अक्षरांचा 'टाइप' काढायचा आणि त्यावर नेमणूक ठरवायची, ही फॅशन आता आपल्या छोट्या कंपन्यांतही शिरली आहे. या चाचणीमागची कल्पना कार्ल युंगच्या 1921 च्या मांडणीतून आलेली. काही आठवड्यांनी परत चाचणी दिली की बऱ्याच जणांचा टाइप बदलतो, आणि नोकरभरतीसाठी ती वापरू नये असं तिचे प्रकाशकच सांगतात. निकाल वाचून "अगदी मीच!" वाटतं, त्याला फार महत्त्व देऊ नका. बर्ट्राम फोररने 1948 मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन दिलं, तरी त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले होते. जत्रेतल्या ज्योतिषाचा धंदा यावरच चालतो.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. परिस्थितीचं खापर आपण स्वभावावर फोडतो. चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने येणारा कारकून पावसाळ्यात उशिरा पोचला की 'आळशी'. मग बाहेरून आलेला मॅनेजर सगळ्या गोव्यालाच सुशेगाद, म्हणजे निवांत आणि आरामप्रिय, ठरवून मोकळा होतो! (दुपारी दुकान मिटणारा म्हापशातला दुकानदार संध्याकाळी उशिरापर्यंत गल्ल्यावर असतो, हे त्याला दिसत नाही.) मेमो देण्याआधी साधा प्रश्न विचारा: याच्या जागी दुसरा कोणी असता तर वेळेवर आला असता का?

याची दुसरी बाजूही पाहा. वेर्ण्याच्या कारखान्यात वर्षभर मान खाली घालून काम करणारा माणूस फोंड्याकडच्या आपल्या गावात जत्रेचं नाटक बसवतो. तालमीला उशिरा येणाऱ्या नटाला झापतो, वर्गणी गोळा करतो, मखमली पडद्यापासून पेटीवाल्यापर्यंत सगळं जमवतो. कारखान्यात त्याच्या फाइलवर 'पुढाकार नाही' असा शेरा असतो. त्याचा पुढाकार शाबूत आहे. ऑफिसात तो वापरायला कुणी जागाच दिलेली नाही. माझ्या मते मुलाखतीत 'तुम्ही टीम प्लेयर आहात का?' विचारण्यापेक्षा 'गावात, मंडळात काय सांभाळता? ऐनवेळी कोणी दगा दिला तेव्हा काय केलंत?' हे विचारावं. घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारलं की माणूस जास्त कळतो.

आणि चुकीची नेमणूक आधीच झाली असेल तर? सीझनच्या मधोमध पद काढून घेऊ नका. बोलक्या सुपरवायझरकडे पाहुणे आणि तक्रारी ठेवा, ड्युटी चार्ट आणि स्टॉक नीटनेटक्या सहकाऱ्याकडे द्या, आणि ही वाटणी सगळ्यांसमोर जाहीर करा. पुढच्या वेळी चार्ज जूनमध्येच द्या, तोही 'चवथीपर्यंत' (गणेशचतुर्थीपर्यंत) असं सांगून. पाऊस असतो, पाहुणे कमी असतात, चुका स्वस्तात निभावतात. नाही जमलं तर जुन्या जागी, जुन्या पगारावर मान न घालवता परत जाता येईल, हे मात्र पहिल्याच दिवशी कागदावर असू द्या.