आडनावातलं गाव, आडनावातलं पाखरू

मी लातूरला शाळेत शिकवते. मुलं आडनावाचा उगम विचारतात. आधी शेवट बघा. 'कर' असेल तर बहुधा गाव: औसेकर औशाचे, पैठणकर पैठणचे. गाव सोडलेल्यालाच गावाचं नाव चिकटतं, म्हणून आजचा पत्ता पाहून फसू नका.

कावळे, ससाणे यांत पाखरू उघड दिसतं. पारवे मात्र अवघड: पारवा पक्षी आहे, तसं यवतमाळ जिल्ह्यात पारवा नावाचं गावही आहे. अशा वेळी कुळदैवत विचारा, जुना मुलूख कळतो.

मग कागद. आमच्या मराठवाड्यातल्या 1948 पूर्वीच्या नोंदी निजामाच्या राज्यातल्या, बऱ्याच उर्दूत नाहीतर मोडीत, जाणकार गाठाच. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या माझ्या सगळ्यात आवडीच्या. पणजोबा तिथं गेले असतील, तर मूळ गाव लिहिलेलं सापडू शकतं.