जुना पासपोर्ट आधी, दुर्बीण नंतर

भारतीय पासपोर्टावर अमेरिकेतून जहाजाने मेक्सिकोला पक्षी बघायला निघत असाल तर जुना पासपोर्ट घ्या. बाकीचं पुढे सांगतेच, पण आत्ता एवढं एक काम करा: उठा, कपाट उघडा आणि ज्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा चिकटवलेला आहे तो हातात घेऊन बघा. त्याचा कोपरा कापलेला असेल, त्यावर रद्दचा शिक्का असेल, तरी तो टाकाऊ नाही. आतल्या व्हिसाची मुदत शिल्लक असेल आणि पान धड असेल तर तो व्हिसा चालतो. फक्त नव्या पासपोर्टासोबत जुनाही जवळ लागतो, आणि तोही प्रत्यक्ष. फोनमधला फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही.

हे मला दोन वर्षांपूर्वी सॅन पेड्रोच्या धक्क्यावर कळलं. आम्ही सॅन होजेला राहतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. पक्ष्यांचं वेड दोघांनाही सारखंच, भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला जायचो तेव्हापासूनचं. लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या सात रात्रींच्या जहाजावर एका पक्षीवाल्या गटाने केबिन घेतल्या होत्या. पहाटे डेकवर पक्षी बघणं, समुद्रातल्या दिवशी व्याख्यानं, आणि मेक्सिकोतल्या काबो सान लुकास, मासात्लान, पुएर्तो वायार्ता इथे उतरून फेऱ्या. वर्षभर आधी पैसे भरले होते. त्याच उन्हाळ्यात माझा पासपोर्ट नवा होऊन आला आणि जुना मी लग्नाच्या अल्बमखाली ठेवून दिला.

काउंटरवरच्या बाईने माझा कोराकरकरीत पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला आणि विचारलं, व्हिसा कुठे आहे? व्हिसा सहा तासांच्या अंतरावर होता आणि जहाज सुटायला तीन तास होते. शेजारच्या रांगेतून आमच्या गटातले एक अमेरिकन आजोबा जन्मदाखला आणि ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून आत गेले. अमेरिकेतल्या एका बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या जहाजावर अमेरिकन नागरिकांना तशी सवलत आहे. आपल्याला नाही. गटाच्या यादीत ‘पासपोर्ट किंवा जन्मदाखला’ असं लिहिलेलं असेल तर ती ओळ तुमच्यासाठी नाही, ती वाचून निर्धास्त होऊ नका. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण कागद अपुरे असणं त्यांच्या कारणांत बसत नव्हतं. परतीच्या वाटेवर नवरा एक शब्द बोलला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

यंदा जानेवारीत पुन्हा गेलो, आणि सगळं बघून आलो. पुढच्या हंगामात जाणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

कागद तीन महिने आधी काढा. नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट, एच-१बी किंवा एच-४ची मंजुरी म्हणजे तो आय-७९७, आणि आय-९४ म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची छापील प्रत. ग्रीन कार्ड असेल तर ते कार्ड. भारतीय पासपोर्टावर एरवी मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. म्हणजे जुन्या पासपोर्टातलं ते एक पान तुम्हाला मेक्सिकोतही नेतं आणि अमेरिकेत परतही आणतं. व्हिसाची मुदतच संपलेली असेल तर मात्र या लेखावर विसंबू नका. तीस दिवसांच्या आतल्या मेक्सिको प्रवासासाठी एक सवलत आहे, पण ती अमेरिकेत परत येण्यापुरती. मेक्सिको आणि जहाज कंपनी काय मागतील ते वेगळं. वकिलाला विचारा आणि जहाज कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. नवरा-बायको दोघांचे कागद वेगवेगळे तपासा. माझ्या नवऱ्याचा व्हिसा चालू पासपोर्टातच होता, म्हणून ‘आपलं सगळं आहे’ असं आम्ही धरून चाललो.

महिना कुठला निवडायचा हे पैसे भरण्याआधी ठरवा. या जहाजांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असतो, पण हंपबॅक देवमासेही बघायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीच धरा. त्या दिवसांत ते पुएर्तो वायार्ताजवळच्या बांदेरास उपसागरात पिल्लांना जन्म द्यायला आणि जोडी जमवायला आलेले असतात, आणि काबोच्या आसपासही दिसतात.

आता दुर्बीण. ८×४२ म्हणजे आठ पटीची घ्या. १० पटीची घेतली की जास्त दिसेल असं वाटतं, पण जहाज हलतं, इंजिनाचा थरथराट कठड्यातून कोपरात येतो, आणि १० पटीत तो थरथराट दहा पट दिसतो. माझ्या नवऱ्याने हट्टाने १०×४२ नेली आणि दुसऱ्या दिवशी माझी मागू लागला. दोघांना दोन दुर्बिणी हव्यात, एकीवर भागवू नका. पक्षी चार सेकंद दिसतो, तेवढ्यात दुर्बीण या हातातून त्या हातात जात नाही. टेलिस्कोप आणि तिकाटणं घरीच ठेवा. काचेवर मीठ बसतं, ते कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात, म्हणून आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं आणि मग कोरडं. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपमधला मेक्सिकोचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून घ्या, जहाजावरचं इंटरनेट महाग आणि हळू असतं. वही-पेन्सिल मात्र घ्याच.

डेकवर कुठे उभं राहायचं हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊ नका, तिथून पक्षी ठिपक्याएवढे दिसतात. खालचा, जहाजाला वळसा घालणारा डेक गाठा, होईल तितकं पुढे, आणि ऊन पाठीवर येईल अशी बाजू. कॅलिफोर्निया सोडल्यावर पहिल्या सकाळी पाण्यालगत ताठ पंखांनी तरंगत जाणारे ब्लॅक-व्हेंटेड शिअरवॉटर हे समुद्रपक्षी दिसतात. हे पक्षी घरटी करतात ती मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाजवळच्या मोजक्या बेटांवर, त्यांतलं नातिविदाद हे मुख्य. अंगाने राखाडी आणि चोच लाल असे हीरमन्स गल म्हणजे कुरव तर जवळजवळ सगळेच एका इस्ला रासा नावाच्या इवल्याशा बेटावर वाढतात. जहाज दक्षिणेला गेलं की बूबी हे मोठे समुद्रपक्षी सोबतीला येतात. जहाजाच्या नाकाने पाणी फाटलं की उडणारे मासे बाहेर फेकल्यासारखे निघतात आणि बूबी वरून त्यांच्यावर झडप घालतात. ते बघताना मला कोकण आठवलं. आपल्याकडे पावसाळ्यातल्या वादळात एखादा मास्क्ड बूबी भरकटून किनाऱ्यावर येऊन पडतो तेव्हा त्याची बातमी होते. इथे ते अर्धा दिवस आमच्याबरोबर उडत होते.

बोट लागते का हे आधी तपासा असं म्हणून उपयोग नाही, कारण गाडी न लागणाऱ्यालाही बोट लागू शकते. मेक्लिझिन ही मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर घेऊन फारसा उपयोग होत नाही. आलेपाक आणि आवळा सुपारी मी नेली होती, गटातल्या निम्म्या लोकांनी ती संपवली. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावा कमी बसतो. खिडकीच्या मोहापायी पुढच्या टोकाची घेऊ नका.

कपडे तुम्हाला कळतात. फक्त पहाटेच्या डेकसाठी वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्या, मेक्सिको म्हणून फसू नका. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी समुद्रावर चांगलीच थंडी असते. डोक्याला बांधता येणारी टोपी घ्या, साधी उडून जाते. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री जहाजावर चालत नाही, तपासणीत काढून घेतात, तेव्हा तयार पोह्यांची पाकिटं केटलीच्या भरवशावर भरू नका. गरम पाणी जहाजावर मिळतं. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शनही घेत नाहीत.

बॅग भरून झाली? जुना पासपोर्ट कुठे आहे? मोठ्या बॅगेत असेल तर काढा. मोठी बॅग धक्क्यावर हमालाच्या हाती जाते आणि संध्याकाळी केबिनच्या दाराशी येते, म्हणजे काउंटरवर ती तुमच्याजवळ नसते. आम्ही यंदा दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकत्र बांधले आणि गळ्यातल्या पिशवीत ठेवले. गाडी सुरू करण्याआधी मी एकदा बघितले, किंग सिटीला चहाला थांबलो तेव्हा बघितले, आणि रात्री सॅन पेड्रोच्या हॉटेलात नवऱ्याने न सांगता बघितले. आदल्या रात्रीच पोचा. त्याच दिवशी सहा तास गाडी चालवून जहाज पकडायला जाऊ नका. काही विसरलंच तर आदल्या रात्री माणूस घरी जाऊन परत येऊ शकतो, दुपारी एक वाजता नाही.

बंदरांबद्दल. घड्याळाचा घोळ आधी समजून घ्या. काबो आणि मासात्लान एका वेळेत आहेत, पुएर्तो वायार्ता त्यांच्या एक तास पुढे. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली, त्यामुळे अमेरिकेशी असलेला फरक मार्चपासून बदलतो. जहाज कधी स्थानिक वेळ पाळतं, कधी आपली स्वतःची, आणि फोन मात्र टॉवर बघून आपोआप बदलतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ घ्या, ते जहाजाच्या वेळेवर लावा आणि फक्त त्याचंच ऐका. स्वतंत्र फेरीला गेलात तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

काबोला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, त्यात तास जाऊ शकतो. एल आर्को या कमानीसारख्या खडकांपर्यंतची छोटी होडी घ्या, तपकिरी पेलिकन आणि सी लायन अगदी हाताशी असतात. मासात्लानला आम्ही शहराच्या उत्तरेच्या एस्तेरो देल युगो या पाणथळीला गेलो, लांब शेपटीचा ब्लॅक-थ्रोटेड मॅगपाय-जे तिथे पहिल्यांदा पाहिला, आणि अख्ख्या सहलीतला माझा सगळ्यात आवडता पक्षी तोच. ज्यांना फक्त शहर बघायचं आहे त्यांनी बंदरातून रंगवलेली निळी रेघ धरून चालत जावं किंवा उघडी पुल्मोनिया टॅक्सी करावी, भाडं आधी ठरवून. पुएर्तो वायार्ताहून मारिएतास बेटांची फेरी घ्या, निळ्या पायांचे बूबी तिथे घरटी करतात. होडी आपटत जाते, दुर्बिणीला पाणी न शिरणारी पिशवी हवीच. वेळ उरला तर दक्षिणेला २४ किलोमीटरवरचं वनस्पती उद्यान.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, ‘सिन मांतेका’ असंही सांगा. नळाचं पाणी पिऊ नका. जहाजावरची फळं खाली नेऊ नका. सुट्टे डॉलर आणि थोडे पेसो. उतरताना जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र आणि दोन्ही पासपोर्टांची झेरॉक्स. मूळ पासपोर्ट आम्ही केबिनच्या तिजोरीत ठेवले. दोन्ही.

शेवटच्या रात्री तिजोरी उघडून ते बाहेर काढा, सकाळी घाईत राहतात. मोठी बॅग रात्रीच दाराबाहेर जाते, पासपोर्ट त्यात टाकू नका, हे मी दुसऱ्यांदा सांगते आहे. सॅन पेड्रोला अधिकाऱ्याने नवा पासपोर्ट बघितला, मान वर केली, आणि मी काही न विचारता जुना पुढे केला. तो दहा सेकंदांत मोकळा झाला.

घरी आल्यावर दुर्बिणी पुसा, वहीतल्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा, आय-९४ संकेतस्थळावर उघडून तारीख बरोबर आहे ना बघा. पासपोर्टाची मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ही तिथपर्यंतच मिळू शकतो. आणि पासपोर्टांचं रबर काढू नका, तसेच बांधलेले खणात ठेवा.