‘रोजची भाकर’ : एका दुर्मिळ ग्रीक शब्दाचा अर्थ कसा लावावा

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीत ‘रोजची’ हा शब्द ज्या मूळ ग्रीक विशेषणासाठी योजला आहे, ते विशेषण म्हणजे ‘एपिऊसिओस’. अशा शब्दाचा अर्थ शोधताना थेट कोश न उघडता तो बायबलच्या नव्या करारात कुठे कुठे आला आहे, हे आधी शब्दसूचीत पाहावे. हा शब्द मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोनच ठिकाणी आणि तोही एकाच प्रार्थनेत आढळतो. स्वतः ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती पंडित ओरिगेनलाही तो ना ग्रंथांत सापडला, ना लोकांच्या बोलण्यात. इजिप्तमधील खर्चाच्या एका टाचणात तो असल्याचे १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण येल विद्यापीठाच्या संग्रहातील तो पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद) पुढे पुन्हा तपासला गेला, तेव्हा तिथे ‘तेल’ या अर्थाचा शब्द निघाला. म्हणून छापील वाचनाचीही खात्री करून घ्यावी.

त्यानंतर शब्दाची फोड करावी, मात्र जपून. ‘गवाक्ष’ शब्दात गाईचा डोळा असला तरी आपण त्याचा अर्थ झरोका असाच घेतो. ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ (अस्तित्व) अशी फोड केली, तर जगण्यापुरती भाकर हा अर्थ निघतो. परंतु स्वरापुढे ‘एपि’मधील इकार सहसा गळतो, ‘ऊरानोस’ (आकाश) जोडल्यावर ‘एपूरानिओस’ होते, ‘एपिऊरानिओस’ नव्हे. उलट नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात १६:११ मध्ये प्रेषित पौल ज्या ‘दुसऱ्या दिवशी’ नियापुलीस पोहोचतो, त्यासाठी ‘एपिऊसा’ हाच शब्द आहे, आणि त्यातला इकार टिकून आहे. त्यावरून येणाऱ्या दिवसाची भाकर असा अर्थ होतो.

मग जुनी भाषांतरे ताडून पाहावीत. पेशित्ता या सिरियाक भाषांतरात ‘आमच्या गरजेची भाकर’ असे आहे. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने तर लॅटिनमध्ये लूकमध्ये ‘रोजची’ आणि मत्तयात ‘द्रव्यातीत’ अशा अर्थाचे दोन निरनिराळे शब्द वापरले आहेत, आणि नव्या करारात नसलेल्या ‘इब्री लोकांच्या शुभवर्तमाना’त ‘माहार’, म्हणजे ‘उद्याची’, असा हिब्रू शब्द असल्याचेही तोच नोंदवतो.

सर्वांत अधिक वेळ मात्र मूळ वाक्यावर घालवावा. लूकच्या ओळीत ‘दररोज’ या अर्थाचे ‘काथ हेमेरान’ हे शब्द वेगळे आलेलेच आहेत; ‘एपिऊसिओस’चाही अर्थ ‘रोजची’ घेतला, तर एकाच ओळीत तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे होते. त्यामुळे ‘येणाऱ्या दिवसाची’ हा अर्थ मला अधिक पटतो.