टीव्ही ट्यूनर कार्डचे ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर अपडेट कसे करावे

माळ्यावर पडलेलं, कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं टीव्ही ट्यूनर कार्ड आता टीव्ही बघायला कुणी खाली काढत नाही. ते निघतं लग्नामुंजीच्या, नाहीतर २००३ च्या सिंहस्थाच्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला. कार्ड बसवलं की विंडोज त्याला ओळखत नाही, डबीतली सीडी हरवलेली असते आणि गुगल केलं की 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचं भलतंच काहीतरी गळ्यात पडतं. तसलं सॉफ्टवेअर टाकूच नका. ट्यूनर कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, खोक्यावरच्या कंपनीच्या नावावरून शोधायचा नसतो, कार्डावरच्या चिपवरून शोधायचा असतो. भारतात फ्रॉनटेक, इंटेक्स, पिनॅकल, ॲव्हरमीडिया अशा कितीतरी नावांनी कार्डं विकली गेली, पण आतल्या चिपा मोजक्याच होत्या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. केबलची वायर थेट कार्डाला लावून 'चॅनल स्कॅन' केलं आणि शून्य चॅनल आले, तर तो ड्रायव्हरचा दोष नाही. केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक होतं आणि त्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर केबलमधून येतो तो डिजिटल सिग्नल, आणि जुनं ॲनालॉग ट्यूनर त्यातलं काहीच वाचू शकत नाही. कुठलाही नवा ड्रायव्हर यात फरक पाडणार नाही. सेट-टॉप बॉक्स असो की व्हीसीआर, चित्र घ्यायचं ते पिवळ्या आरसीए पिनेतून कार्डाच्या 'कॉम्पोझिट' इनपुटमध्ये, किंवा एस-व्हिडिओच्या वायरीने 'एस-व्हिडिओ' इनपुटमध्ये. कार्डाला एफएमचं सॉकेट असेल तर ट्यूनर जिवंत आहे का हे मात्र अजूनही तपासता येतं: वायरीचा तुकडा लावून आकाशवाणी नाशिक, १०१.४ मेगाहर्ट्झ लावून बघा.

आणि तुमच्याकडे मॉनिटरच्या वायरीमध्ये बसणारा, स्वतःचा रिमोट असलेला बाहेरचा डबा असेल, तर त्याला ड्रायव्हर लागतच नाही. तो कॉम्प्युटर बंद असतानाही चालतो. पण त्यातून रेकॉर्डिंगही होत नाही, त्यामुळे कॅसेटीच्या कामाला तो निरुपयोगी.

पायरी १: कार्ड नीट बसलंय का

ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडण्याआधी कॅबिनेट उघडा. मेन स्विच बंद करून वायर काढा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या आणि आपल्याकडचा पावसाळा खाल्लेल्या कार्डाच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो. पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झटका, कार्ड सरळ दाबून बसवा आणि स्क्रू लावा. स्क्रू न लावलेलं कार्ड वायरीच्या ओढीने एका टोकाला उचललं जातं आणि मग 'कधी दिसतं, कधी नाही' हा खेळ सुरू होतो.

नव्या मदरबोर्डवर बहुधा जुना लांब पीसीआय स्लॉट नसतो. छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट दिसायला जवळचा वाटला तरी त्यात हे कार्ड बसत नाही, जोर लावू नका. यूएसबी ट्यूनर असेल तर तो कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी २.० पोर्टला थेट लावा. हबमध्ये किंवा पुढच्या पोर्टमध्ये त्याला वीज कमी पडते आणि चित्र अडखळतं.

पायरी २: चिप ओळखा

स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ड्रायव्हर नसलेलं कार्ड 'अदर डिव्हायसेस'खाली 'मल्टिमीडिया कंट्रोलर' किंवा 'मल्टिमीडिया व्हिडिओ कंट्रोलर' अशा नावाने, पिवळ्या चिन्हासकट दिसतं. काही कार्डं दोन-तीन ओळी व्यापतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्या ओळीवर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' टॅबवर जा आणि 'प्रॉपर्टी'च्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. जी लांबलचक ओळ दिसते तिचे तीन भाग कामाचे. 'व्हीईएन'नंतरची चार अक्षरं चिप कुणाची ते सांगतात, 'डीईव्ही'नंतरची चार चिप कुठली ते, आणि 'सबसिस'नंतरची आठ अक्षरं म्हणजे तुमचं नेमकं कार्ड. ही ओळ कॉपी करून ठेवा.

व्हीईएन ११३१ म्हणजे फिलिप्स. त्यापुढे ७१३० किंवा ७१३४ असेल तर चिप एसएए ७१३० किंवा ७१३४. व्हीईएन १०९ई आणि डीईव्ही ०३६ई ही ब्रूकट्रीची बीटी ८७८. व्हीईएन १४एफ१ म्हणजे कोनेक्सन्ट, पुढे ८८०० असेल तर सीएक्स २३८८० च्या घरातली. यूएसबीमध्ये व्हीईएन-डीईव्हीच्या जागी व्हीआयडी-पीआयडी असतात. व्हीआयडी ईबी१ए दिसलं तर चिप एम्पियाची.

मल्टिमीडिया कंट्रोलर ही ओळच कुठे दिसत नसेल तर पायरी १ वर परत जा. जे कार्ड विंडोजला दिसतच नाही, त्याला ड्रायव्हर देऊन काही होत नाही.

पायरी ३: ड्रायव्हर मिळवा, आणि टाकण्याआधी वाचा

शोधायचा क्रम असा ठेवा. आधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये डोकवा. तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या 'अपडेट कॅटलॉग' या संकेतस्थळावर हार्डवेअर आयडीचा व्हीईएन-डीईव्हीपर्यंतचा भाग टाकून शोधा. फाइल 'कॅब' प्रकारची येते, ती सेव्हन-झिपने उघडा. मग कार्डाच्या कंपनीचं संकेतस्थळ, आणि शेवटी मूळ सीडी. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून अख्खी सीडी पेनड्राइव्हवर उतरवून आणा. नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या जुन्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे अशा सीड्या अजून निघतात, विचारायला हरकत नाही.

फाइल हातात आली की लगेच 'सेटअप'वर क्लिक करू नका. फोल्डरात 'आयएनएफ' प्रकारची फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडा. कंट्रोल आणि एफ दाबून तुमच्या डीईव्हीचा आकडा शोधा, उदाहरणार्थ ७१३४. तो ज्या ओळीत सापडेल त्याच ओळीत तुमचा सबसिस आकडाही असेल तर हा ड्रायव्हर तुमच्याच कार्डाचा. चिप तीच पण सबसिस वेगळा असेल तर चित्र येईलही, पण इनपुटची अदलाबदल होते किंवा आवाज येत नाही, कारण त्याच चिपला कुठली पिन जोडायची हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेलं असतं.

त्याच फाइलमध्ये 'एनटीएएमडी६४' हा शब्दही शोधा. नावात एएमडी असलं तरी इंटेलच्या प्रोसेसरलाही तोच लागू होतो. तो आहे म्हणजे ड्रायव्हर ६४-बिट विंडोजसाठी आहे. नसेल तर ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा, आणि ६४-बिट विंडोजवर तो कधीच बसणार नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येतं. दोन मिनिटांची ही तपासणी संध्याकाळभराची झटापट वाचवते.

पायरी ४: ड्रायव्हर बसवा

आधी परतीची वाट राखा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बंद असेल तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन चालू करा आणि पॉइंट बनवा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर वादळी पावसाच्या दिवशी हे काम काढू नका.

कार्डाचा जुना ड्रायव्हर बसलेला असेल तर तो काढा: डिव्हाइसवर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल', आणि खालच्या 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर' चौकोनात टिक. ही टिक करायची राहिली तर रिस्टार्टनंतर विंडोज तोच जुना ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं, आणि मग वाटतं की नवीन ड्रायव्हरच खराब आहे.

रिस्टार्ट झाल्यावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क' या वाटेने आयएनएफ फाइल दाखवा. कार्डाच्या दोन ओळी असतील तर दोन्हींसाठी हेच करा. मग पुन्हा रिस्टार्ट.

पिवळं चिन्ह गेलं नाही तर 'जनरल' टॅबवरचा कोड बघा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे बसला पण कार्ड सुरू होत नाही; स्लॉट बदलून बघा. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर लोड झाला नाही. फाइल खराब असू शकते, पण विंडोज १० आणि ११ मध्ये एकदा 'विंडोज सिक्युरिटी'तल्या 'कोअर आयसोलेशन'मधला 'मेमरी इंटिग्रिटी' पर्यायही बघा, तो जुने ड्रायव्हर अडवतो. बंद करून रिस्टार्ट करा, आणि कॅसेटींचं काम संपल्यावर आठवणीने परत चालू करा, कारण तो सुरक्षेसाठीच आहे.

कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवर डिजिटल सही नाही. याच्यावर यूट्यूबवर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप'मधून जाऊन एफ७ दाबणे. तो चालतो, पण तेवढ्या एका वेळेपुरता. पुढच्या रिस्टार्टला सही पुन्हा तपासली जाते आणि कोड ५२ परत हजर होतो. कॅसेटी चारच असतील तर तेवढ्यावर भागवा, विंडोजची सुरक्षा कायमची उघडी ठेवू नका.

पायरी ५: सॉफ्टवेअर

कार्डासोबत आलेलं टीव्ही सॉफ्टवेअर अपडेट करत बसण्यात फारसा अर्थ नाही. त्यातली बरीच चित्र दाखवायला 'ओव्हरले' पद्धत वापरतात, आणि विंडोज ८ पासून तिथे नुसती काळी नाहीतर हिरवी खिडकी दिसते. सेटिंगमध्ये 'व्हीएमआर ९' असेल तर ते निवडा, नसेल तर ते सॉफ्टवेअर सोडून द्या. विंडोज मीडिया सेंटर तर विंडोज १० मधून काढूनच टाकलेलं आहे. ड्रायव्हर नीट बसला असेल तर फुकटचे व्हीएलसी, ओबीएस स्टुडिओ किंवा व्हर्च्युअलडब पुरेसे आहेत. चित्र येतंय का हे बघायला व्हीएलसी, आणि कॅसेट उतरवायला व्हर्च्युअलडब: किती फ्रेम गळल्या ते तो चालू असतानाच दाखवतो.

चार गोष्टी लावा: इनपुट 'कॉम्पोझिट', व्हिडिओ स्टँडर्ड 'पाल बी', आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. देशाचा कोड विचारला तर ९१, म्हणजे फोनचाच. तो १ राहिला तर सॉफ्टवेअर अमेरिकेचं एनटीएससी धरतं आणि चित्र कृष्णधवल येतं, सरकतं किंवा खालून कापलं जातं. ड्रायव्हर बदलून बदलून लोक थकतात आणि चूक असते या एका आकड्यात.

आवाज नाही? एसएए ७१३० वरून आवाज स्लॉटमार्गे जातच नाही. कार्डाच्या ऑडिओ आउटपासून साउंड कार्डच्या निळ्या लाइन-इनपर्यंत ३.५ मिलिमीटरची वायर लागते. किंवा व्हीसीआरचा लाल-पांढरा सरळ लाइन-इनला द्या. नंतर साउंड सेटिंगच्या 'रेकॉर्डिंग'मध्ये लाइन-इन म्यूट नाही ना ते बघा, आणि प्रायव्हसीमध्ये 'डेस्कटॉप ॲप्स'ना कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी द्या. ती नसेल तर विंडोज काही न सांगता चित्र किंवा आवाज गिळून टाकतं.

जागेचा हिशेबही आधी करा. न दाबलेला व्हिडिओ तासाला सुमारे ७५ जीबी खातो, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला सव्वादोनशे. व्हिडिओ दाबणारा हफवायूव्ही कोडेक लावला तर बराच कमी. एक्स्टर्नल डिस्क 'फॅट ३२' असेल तर ४ जीबीला रेकॉर्डिंग तुटतं. ती एनटीएफएस करून घ्या, पण फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

काहीच जमलं नाही तर

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करा. बीटी ८७८, एसएए ७१३४, सीएक्स २३८८० आणि एम्पिया यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या आतच असतात. तिथे व्हीएलसीमध्ये चित्र आलं तर कार्ड शाबूत आहे, अडचण विंडोजच्या ड्रायव्हरचीच. तिथेही अंधार असेल तर वायर, इनपुट आणि व्हीसीआर तपासा. तेही ठीक असतील तर कार्ड गेलं समजा.

कार्ड चांगलं पण ६४-बिट ड्रायव्हरच अस्तित्वात नाही, असं निघालं तर विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती असलेला एखादा जुना कोअर टू ड्युओ या कामाला लावा. त्याला इंटरनेट जोडू नका. व्हर्च्युअल मशिनमध्ये एक्सपी टाकून पीसीआय कार्ड चालवायचा प्रयत्न करू नका, आतल्या विंडोजला ते कार्ड दिसतच नाही.

चालू झाल्यावर एवढं करा: कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिममध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', 'हार्डवेअर', 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' इथे 'नो' निवडा, म्हणजे विंडोज परस्पर ड्रायव्हर बदलणार नाही. जो ड्रायव्हर चालला त्याचं फोल्डर झिप करून दोन ठिकाणी ठेवा आणि नावात चिप, सबसिस आणि विंडोजची आवृत्ती लिहा.