हाफ इंजिनचं काम झाल्यावर टायमिंग जुळवताना

स्प्लेंडरसारख्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीचं हाफ इंजिन (सिलिंडर, पिस्टन आणि वरचं हेड) बसवताना सगळ्यात जास्त घोटाळा मॅग्नेटवरच्या, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या चाकावरच्या, दोन खुणांचा होतो. ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वर, ‘एफ’ म्हणजे ठिणगी पडण्याची जागा. दोन्ही खुणा शेजारीशेजारी असतात आणि तेलकट काळपटपणात सारख्याच दिसतात. त्यामुळे मॅग्नेट आधी पेट्रोलने पुसून घ्या. कॅम चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी) बसवताना ‘टी’च धरायची, ‘एफ’ नाही.

‘टी’ केसवरच्या खाचेसमोर आणा, मग कॅम स्प्रॉकेटची (कॅमवरच्या दातेरी चाकाची) खूण हेडवरच्या खुणेशी जुळवून चेन चढवा. स्प्रॉकेटला 28 दात असतील, तर एका दाताची चूक क्रँकवर जवळजवळ 26 अंशांची होते. तेवढ्याने गाडी किकला दाद देत नाही किंवा चालू झाली तरी ओढत नाही.

खरी तपासणी पुढे आहे, आणि घाईत नेमकी तीच राहते. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बसला की चेनची ढील एका बाजूला जाते आणि जुळलेली खूण सरकू शकते. म्हणून टेन्शनर लावल्यावर स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेला, पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, त्यामुळे दोन्ही खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. त्या वेळी दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने किंचित हलले पाहिजेत. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, यानंतरच, इंजिन थंड असताना लावा.