पतंगाच्या एका पायापासून वंशवृक्षापर्यंत: मायटोजीनोमचं काम कसं करायचं

पतंगांची आपापसातली नाती काढायचा एक मार्ग म्हणजे मायटोजीनोम, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए, वाचून त्यावरून वंशवृक्ष काढणं. पहिला पाऊस पडून गेला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रात्री पांढरी चादर आणि दिवा लावून बसा, तासाभरात चादर पतंगांनी भरते. अभयारण्यात असाल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी, आणि फोटो काढल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही.

डीएनएसाठी अख्खा पतंग कुस्करायची गरज नाही, एक पाय पुरतो. स्वच्छ चिमट्याने मागचा पाय बुडापासून काढा, ९५ टक्के इथेनॉलच्या ट्यूबमध्ये टाका आणि फ्रीझरमध्ये ठेवा, बाकी पतंग पिन लावून जपा, उद्या ओळख चुकली असं वाटलं तर तोच पुरावा. लेबल पेन्सिलनेच लिहा आणि ट्यूबच्या आत टाका. मी एकदा बॉलपेनने लिहिलं, ट्यूब पाझरली, सगळी शाई इथेनॉलमध्ये उतरली आणि अख्ख्या रात्रीचे नमुने बिननावाचे झाले, अजून वाईट वाटतं त्याचं.

मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम साधारण १५ ते १६ हजार बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं: ए, टी, जी, सी), गोल, त्यात ३७ जीन: १३ प्रोटीनचे, आणि प्रोटीन बनवायला लागणाऱ्या आरएनएंचे २२ टीआरएनए, २ आरआरएनए. पेशीत त्याच्या प्रती भरपूर असतात म्हणून उथळ सीक्वेन्सिंग केलं, म्हणजे डीएनए थोडाच वाचला, तरी तो पूर्ण मिळतो. वाचलेले तुकडे जोडायला गेटऑर्गनेल किंवा नोवोप्लास्टी, जीन ओळखायला मायटोस, ही सगळी सॉफ्टवेअर. गोल बंद होत नसेल तर घाबरू नका, ए आणि टी भरलेला कंट्रोल रीजन, म्हणजे जीन नसलेला पट्टा, बहुतेक वेळा तिथेच अडतो.

आता खरं काम. मायटोसचं आउटपुट डोळे झाकून घेऊ नका. जेनेटिक कोड ५ नंबरचा, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा, निवडा, नाहीतर टीजीए हा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द), जो इथे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा असतो, तो स्टॉप, म्हणजे जीन संपल्याची खूण, दिसतो. पतंगांत सीओएक्स१ हा प्रोटीनचा जीन बहुतेक वेळा सीजीएपासून सुरू होतो, सॉफ्टवेअर पुढचा एटीए पकडून जीन छोटा करतं, हे हाताने बघायलाच हवं. कोड बरोबर असूनही मधेच स्टॉप आला तर न्यूक्लियसच्या डीएनएमध्ये घुसलेली मायटोकॉन्ड्रियाच्या जीनची जुनी नक्कल उचलली असेल. कंट्रोल रीजननंतरचे टीआरएनए बहुतेक पतंगांत एम-आय-क्यू (टीआरएनएंची एकाक्षरी नावं) क्रमाने असतात, हेपिअलिडीसारख्या जुन्या कुळात मात्र आय-क्यू-एम, म्हणजे क्रमसुद्धा नात्याबद्दल सांगतो.

मग प्रत्येक जीन मॅफ्ट या सॉफ्टवेअरने वेगळा अलाइन करा, म्हणजे सगळ्या पतंगांतली त्याची अक्षरं एकाखाली एक जुळवा, प्रोटीनचे जीन अमिनो आम्लांच्या आधाराने. आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी गटाबाहेरची जात, जवळचा घ्या, ॲटलस पतंगाच्या सॅटर्निडी कुळावर काम असेल तर रेशीमकिडा बॉम्बिक्स मोरी चांगला. वृक्ष आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरने दोनदा काढा, एकदा सगळ्या जागा घेऊन, एकदा प्रत्येक कोडॉनची तिसरी जागा वगळून. तिसऱ्या जागेवर बदलावर बदल होऊन जुन्या नात्यांची खूण पुसते, शिवाय अख्ख्या मायटोजीनोममध्ये ए-टीचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास, मग नातं नसलेल्या फांद्याही एकमेकींना चिकटतात. दोन्ही वृक्षांत टिकलेली आणि अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदीवर किती भरवसा ठेवावा याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वर असलेली फांदीच मी धरते, बाकीच्यांना सरळ अनिश्चित म्हणते.

आणि हे सगळे ३७ जीन एकत्रच, आईकडूनच येतात, म्हणून हा एकाच वंशरेषेचा इतिहास आहे. कीटकांच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया जिवाणूही आईकडूनच पुढे जातो आणि पसरताना सोबतचा मायटोजीनोमही पसरवतो, त्यामुळे एकाच जातीत दोन वेगळ्या रेषा दिसू शकतात किंवा दोन जातींत एकच. तर जवळच्या जाती वेगळ्या करायच्या असतील तर त्याच पायाच्या डीएनएमधून न्यूक्लियसचे दोन-चार जीनही काढून ठेवा, ट्यूबमध्ये उरलेला डीएनए फेकू नका.