पहिल्या कळेपासून बाळ छातीवर येईपर्यंत: कुठे थांबायचं, कुठे धावायचं

पहिल्या बाळंतपणात रात्री दहाला पहिली कळ आली आणि मी ताडकन उठून बसले. प्रत्येक कळेची वेळ कागदावर लिहायला लागले, बॅग दाराशी नेऊन ठेवली, घरातल्या सगळ्यांना जागं केलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. जोर लावायची वेळ आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. त्या रात्री चार-सहा तास पडून राहिले असते तर पुढचं किती सुसह्य झालं असतं, हे मला आजही वाटतं.

बाळंतपणात काही ठिकाणी निवांत थांबायचं असतं आणि काही ठिकाणी एक मिनिटही घालवायचं नसतं. हा फरक कुणी आधी नीट सांगितला तर पुष्कळशी भीती जाते. म्हणून जे ज्या क्रमानं घडतं, त्याच क्रमानं सांगते.

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत उरकायच्या गोष्टी

डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले 40 आठवडे. नेमक्या त्या दिवशी फार थोडी बाळं जन्मतात. 37 ते 42 आठवड्यांमध्ये कधीही कळा सुरू होऊ शकतात, त्यामुळे तारीख उलटली म्हणून लगेच घाबरू नका. 41 आठवडे झाले की मात्र पुढे काय करायचं ते डॉक्टरांशी ठरवायला हवं.

तपासण्यांची फाइल, रक्तगट, ॲलर्जी असेल तर तिची नोंद, रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर आणि रात्री-बेरात्री मिळेल असं वाहन, एवढं एकदा नक्की करून टाका. बॅगेत काय न्यायचं याच्या याद्या भरपूर मिळतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. लेबर रूममध्ये सोबत कुणाला राहू देतात का? एपिड्युरल, म्हणजे कमरेतून देतात ते दुखणं घालवणारं औषध, मिळतं का, आणि रात्रीही मिळतं का? कळा सुरू असताना चालू-फिरू देतात का? बाळाची वाट रुंद करायला योनीपाशी घेतात तो छेद (ज्याला नंतर टाके घालतात) सरसकट घेतात की गरज पडली तरच?

सोबतीचा आग्रह जरूर धरा. विश्वासातलं एक माणूस पूर्ण वेळ जवळ असलं तर बाळंतपण काहीसं लवकर होतं आणि सिझेरियनची वेळ कमी वेळा येते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रत्येक बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असंच सांगते. ते माणूस घाबरट नसावं, एवढं बघा.

कळा खऱ्या की खोट्या?

शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होतं आणि सैल पडतं. या सरावाच्या कळा. त्यांना ताल नसतो. पाणी प्यायलं, कूस बदलली, थोडं चाललं की बहुतेकदा विरून जातात. खऱ्या कळा तुम्ही काहीही करा, येतच राहतात. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, प्रत्येक कळ जास्त वेळ टिकते आणि जोर वाढत जातो. पुष्कळदा त्या कमरेतून निघून पोटाकडे येतात. कळ ऐन भरात असताना तुम्हाला बोलणं थांबवावं लागत असेल, तर ती खरी समजा.

गर्भाशयाच्या तोंडाशी नऊ महिने बसलेला चिकट बुळबुळीत स्राव बाहेर पडतो, त्यात रक्ताची हलकी लाली असते. ही सूचना आहे, घाईचं कारण नाही. त्यानंतर कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी.

थांबायचं कधी, निघायचं कधी

पहिलटकरीण असाल, 37 आठवडे पूर्ण झाले असतील आणि गर्भारपणात गुंतागुंत नसेल, तर साधा हिशेब असा: कळा दर 5 मिनिटांनी, प्रत्येक साधारण 1 मिनिटाची, आणि असं तासभर सलग चाललं की निघा. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर इतकी वाट पाहू नका, कारण पुढची गती बरीच वेगळी असते. रुग्णालय लांब असेल किंवा आधी सिझेरियन झालं असेल, तर कधी निघायचं ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

खाली जे लिहिलंय त्यातलं काहीही झालं तर कळा असोत वा नसोत, ताबडतोब निघायचं:

- 37 आठवड्यांआधी नियमित कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं
- पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट, तपकिरी किंवा दुर्गंधी आहे
- पाळीसारखं लालभडक रक्त जातंय
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली किंवा थांबली
- न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके, छातीच्या खाली पोटात तीव्र दुखणं, झटके
- पोट मध्ये सैल न पडता सतत कडक आणि दुखरं राहिलंय
- ताप आलाय

पाणी स्वच्छ असेल आणि कळा नसतील, तरीही रुग्णालयात कळवून तपासून घ्यायचंच. पाणी किती वाजता गेलं आणि रंग कोणता होता, हे लक्षात ठेवा. पोचल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. पॅड लावा, आत काहीही घालू नका. बहुतेकींना पुढच्या 24 तासांत कळा सुरू होतात, पण जितका वेळ जातो तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पाणी गेल्यावर योनीतून नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, तर तिला हात लावू नका, आत ढकलू नका. गुडघ्यांवर येऊन डोकं आणि छाती खाली टेकवा, कंबर उंच ठेवा आणि कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर ते पहिले काही क्षणच बाळाला वाचवतात.

घरातले तास

सुरुवातीचा काळ सगळ्यात लांब असतो. गर्भाशयाचं तोंड मऊ होतं, पातळ होतं, हळूहळू उघडायला लागतं. पहिलटकरणीला यात कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही जातो. रात्र असेल तर पडून राहा, दोन कळांमध्ये डुलकी लागली तर लागू द्या. दिवस असेल तर हातात एखादं हलकं काम घ्या. थोडं खा, पाणी पीत राहा, दर दोन तासांनी लघवीला जाऊन या, कारण भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याच्या वाटेत येते. कोमट पाण्यानं अंघोळ केली तर पुष्कळ बरं वाटतं. कळा सतत मोजत बसू नका. त्या जवळजवळ येताहेत असं वाटलं की पाच-सहा मोजा आणि कागद बाजूला ठेवा.

लेबर रूममध्ये

पोचल्यावर रक्तदाब, नाडी, ताप, लघवी तपासतात, बाळाचे ठोके ऐकतात. मिनिटाला 110 ते 160 ठोके नेहमीचे मानतात. मग आतून बोटांनी तपासून तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते बघतात. ही तपासणी साधारण चार तासांनी पुन्हा होते. ती कळेच्या मध्ये करू नका, दोन कळांच्या मधल्या वेळात करा, असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

5 सेंटिमीटरनंतर वेग येतो. तिथून 10 पर्यंतचा प्रवास पहिल्या खेपेला सहसा 12 तासांच्या आत आणि पुढच्या खेपांना 10 तासांच्या आत होतो. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, ही समजूत जुनी आहे. आई आणि बाळ ठीक असतील तर त्याहून सावकाश जाणंही चालतं. कुणी "अजून चारच" म्हणालं म्हणून खचू नका.

कळा सोसताना उताणं पडून राहणं हा सगळ्यात अवघड प्रकार आहे. उभं राहून भिंतीला टेका, पलंगावर हात ठेवून पुढे वाका, किंवा गुडघ्यांवर ओणव्या व्हा. कळ सुरू होताच श्वास लांब सोडा, जबडा आणि खांदे सैल ठेवा. कंबर फार दुखत असेल तर सोबतच्या माणसाला कमरेच्या खालच्या हाडावर तळहातानं घट्ट दाबून धरायला सांगा. माझं अर्धं बाळंतपण त्या एका हातावर निभावलं.

औषधाची मदत घ्यायची असेल तर मनात कमीपणा आणू नका. एपिड्युरलमध्ये कमरेतून बारीक नळी घालून औषध देतात आणि दुखणं बहुतांशी जातं. मात्र पाय जड पडतात, रक्तदाब उतरू शकतो, जोर लावायच्या टप्प्याला वेळ जास्त लागू शकतो. स्नायूतून देतात ती इंजेक्शनं दुखणं बोथट करतात, पण गुंगी आणि मळमळ होते आणि बाळालाही झोप येऊ शकते. काही ठिकाणी मास्कमधून हुंगायचा वायूही मिळतो.

"आता मला जमणार नाही" असं वाटतं तो क्षण

आठ ते दहा सेंटिमीटरच्या दरम्यान कळा एकीवर एक येतात. अंग थरथरतं, उलटी होते, चिडचिड होते, घरी जावंसं वाटतं. इथे पुष्कळ जणी रडतात. सोबतच्या माणसानं हे आधीच वाचून ठेवावं, कारण हा शेवट जवळ आल्याचा इशारा असतो.

मग गुदद्वारावर दाब येतो, शौचाला लागल्यासारखं वाटतं. लगेच सांगा. तोंड पूर्ण उघडल्याची खात्री होईपर्यंत लांब फुंकरा मारत जोर आवरा. हिरवा कंदील मिळाला की शरीर सांगेल तेव्हा, कळेबरोबर, खाली जोर लावा आणि कळ ओसरली की पूर्ण सैल पडा. जोर लावताना थोडी शी होणं अगदी नेहमीचं आहे, तिथल्या कुणालाही त्याचं काही वाटत नाही. पहिल्या खेपेला हा टप्पा तीन तासांपर्यंत चालू शकतो, पुढच्या वेळी सहसा दोन तासांच्या आत संपतो. वरून पोट दाबून बाळ ढकलणं योग्य नाही. कुणी तसं करायला लागलं तर थांबवायला सांगा.

डोकं बाहेर येताना चटका बसल्यासारखी आग होते. त्या वेळी जोर थांबवून तोंडानं छोटे श्वास घ्या, म्हणजे कातडी सावकाश ताणली जाते आणि कमी फाटते. डोकं आलं की पुढच्या एक-दोन कळांत खांदे आणि सगळं बाळ.

पहिला तास

बाळ रडलं, श्वास नीट असला, की पुसून थेट तुमच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा आणि दोघांवर एकच पांघरूण घ्या. नाळ निदान एक मिनिट थांबून कापली तर बाळाला त्याच्या वाट्याचं जास्तीचं रक्त मिळतं. डोकं लांबट असेल, हातपाय निळसर असतील, अंगावर पांढरं लोण्यासारखं आवरण असेल; यातलं काहीही काळजीचं नाही. अंघोळ 24 तास लांबवा आणि पहिल्या तासातच पाजायला घ्या. पहिलं चिकट पिवळं दूध थोडंसंच येतं, आणि बाळाला सुरुवातीला तेवढंच पुरतं.

याच वेळी वार (प्लॅसेंटा) पडायची असते. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, सहसा अर्ध्या तासात वार बाहेर येते. फाटलं असेल तर भूल देऊन टाके घालतात. भूल चढली नसेल तर बोला, सोसू नका.

बेत बदलला तर

तारीख फार पुढे गेली, पाणी जाऊनही कळा आल्या नाहीत किंवा रक्तदाब वाढला, तर औषधानं किंवा फुग्याच्या नळीनं कळा सुरू करतात. बाळ अगदी खाली येऊन अडलं तर व्हॅक्यूम किंवा चिमटा लावतात. ठोके बिघडले, प्रगती खरोखर थांबली, बाळ आडवं आहे, वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे, अशा वेळी सिझेरियन. बहुतेकदा कमरेखालचा भाग बधिर करतात, तुम्ही जाग्या असता. ओढाताण जाणवते, दुखत नाही. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, उरलेला पाऊण तास शिवण्यात जातो. निर्णय तातडीचा नसेल तर तीन गोष्टी विचारा: हे कशासाठी, थांबलो तर काय होईल, दुसरा मार्ग आहे का.

पहिली रात्र

पाजताना पोटात कळ येते, ती गर्भाशय आवळल्याची. सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे, नाही झाली तर सांगा. पहिल्यांदा उठताना एकट्यानं उठू नका, चक्कर येते. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गुठळ्या गेल्या, छातीत धडधडलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच हाक मारा. सकाळची वाट पाहू नका, कुणाची झोपमोड होईल याचाही विचार करू नका.